वाळवंटाखालचा उतार

इजिप्तच्या नकाशावर नील नदीच्या काठची हिरवी पट्टी आणि मुखाकडचा हिरवा त्रिकोण सोडला, तर बाकी जवळजवळ सारा देश पिवळा दिसतो. त्यातही नीलच्या पश्चिमेला पसरलेले वाळवंट हा जगातल्या सर्वांत कोरड्या प्रदेशांपैकी एक. त्याच्या अंतर्भागात वर्षाकाठी सरासरी पाच मिलिमीटरसुद्धा पाऊस पडत नाही. आपल्याकडे जूनमधल्या एखाद्या सरीत याहून जास्त पाणी पडून जाते. तरीही या वाळवंटात खारगा, दाख्ला, फराफ्रा, बहारिया, सिवा ही मरूद्याने हजारो वर्षांपासून नांदत आली आहेत. तेथे खजुराच्या बागा आहेत, शेते आहेत, गावे आहेत. आणि हे सगळे विहिरींच्या व झऱ्यांच्या पाण्यावर. काही विहिरींचे पाणी तर उपसावेही लागत नसे. ते आपणहून वर येऊन पाटाने वाहू लागे.

पाऊस नाही, तर मग हे पाणी येते कोठून?

प्रश्न एवढा साधा की पाचवीतला मुलगाही तो विचारील. परंतु त्याचे उत्तर मिळायला शंभराहून अधिक वर्षे लागली. मधल्या काळात एक उत्तर सापडले, ते तपासून पाहिले गेले, खरेही ठरले. आणि तरीही ते अर्धेच होते. उरलेले अर्धे कळले तेव्हा या पाण्याकडे पाहण्याची सगळी दृष्टीच बदलली. हा इतिहास आज आपण पाहू.

वाळूचे डोंगर आणि खाली वालुकाश्म

१८७३ च्या अखेरीस गेरहार्ड रोल्फ्स हा जर्मन प्रवासी या वाळवंटात शिरला. त्याच्याबरोबर कार्ल झिटेल हा भूशास्त्रज्ञ होता, मोजणी करणारा तज्ज्ञ होता, छायाचित्रकारही होता. दाख्लाहून पश्चिमेला कुफ्रा या दूरच्या मरूद्यानापर्यंत जायचा त्यांचा बेत होता. पण वाटेत वाळूच्या टेकड्यांच्या उत्तर-दक्षिण रांगा एकीमागून एक आडव्या आल्या. उंटांना त्या ओलांडता येईनात. लोखंडी टाक्यांतून आणलेले पाणी संपत चालले. आणि नेमका अशा वेळी, फेब्रुवारी १८७४ मध्ये, तेथे पाऊस पडला! पथकाने टाक्या भरून घेतल्या आणि त्या जागेला जर्मन भाषेत ‘पावसाचे शेत’ या अर्थाचे नाव दिले. मग कुफ्राचा नाद सोडून ते उत्तरेला सिवाकडे वळले. पाऊस पडला म्हणून जागेचे नाव ठेवावे, यावरूनच तेथे पावसाचे अप्रूप केवढे आहे ते कळते.

या मोहिमेतून खडकांची मात्र चांगली ओळख झाली. वाळवंटाच्या मोठ्या भागाखाली ज्याला न्युबियन वालुकाश्म म्हणतात तो खडक पसरलेला आहे. जुन्या काळच्या वाळूचे थर दबून तो तयार झाला. वाळूच्या कणांमध्ये जशा फटी असतात तशा त्याच्यातही असतात, आणि त्या फटींत पाणी मावते. अशा पाणी साठवणाऱ्या आणि वाहू देणाऱ्या खडकाला जलधर म्हणतात. जलधराच्या वर चिकणमातीच्या खडकाचा अभेद्य थर असला की आतले पाणी कोंडते आणि दाबाखाली राहते. वरचा थर भोकसला की दाबामुळे पाणी उसळून वर येते. हीच आर्टेशियन विहीर.

मरूद्याने जेथे आहेत तेथेच का आहेत, हेही यावरून उलगडते. वाऱ्याने आणि झिजेने वाळवंटात मोठमोठे खोलगट भाग तयार झाले आहेत. अशा खळग्यात जमीनच पाण्याच्या जवळ गेलेली असते. पाणी सगळीकडेच आहे. पण माणसाच्या हाताला ते तेवढ्याच ठिकाणी लागते.

१८९६ मध्ये इजिप्तचे भूशास्त्रीय सर्वेक्षण खाते स्थापन झाले. पुढच्याच वर्षी जॉन बॉल हा तरुण ब्रिटिश भूशास्त्रज्ञ त्यात दाखल झाला. बॉल आणि त्याचा सहकारी बीडनेल यांनी एकेक मरूद्यान घेऊन त्याचा नकाशा आणि भूशास्त्र तयार केले. बीडनेलने पुढे खारगात विहिरींचा कसून अभ्यास केला. नवी विहीर पाडली की शेजारच्या जुन्या विहिरीचा प्रवाह घटतो, हे त्याने मोजून पाहिले. म्हणजे विहिरी वेगवेगळ्या असल्या तरी पाणी एकच होते. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे ती पुन्हा येणार आहे.

समुद्रसपाटीपासून किती?

पहिल्या महायुद्धात या वाळवंटात प्रथमच मोटारी धावल्या. फोर्डच्या हलक्या गाड्यांची गस्ती पथके टेहळणी करीत फिरत आणि बॉल त्यांच्याबरोबर नकाशे काढी. १९१७ च्या सुमारास दाख्लाच्या नैर्ऋत्येला सुमारे दोनशे किलोमीटरवर त्याला एक टेकडी दिसली. तिच्या पायथ्याशी शेकडो मोठे मातीचे रांजण पडलेले होते. त्या टेकडीला आज अबू बल्लास म्हणतात, म्हणजे रांजणांचा धनी. विहीर नाही, झरा नाही अशा जागी रांजण कशाला? कोणीतरी पाणी वाहून आणून तेथे साठवून ठेवीत असले पाहिजे, जेणेकरून पुढचा टप्पा गाठता येईल. पुढे २००० च्या आसपास अशा साठ्यांची एक मालिकाच सापडली आणि ती वाट फारोंच्या काळातली असल्याचे स्पष्ट झाले. हजारो वर्षांपूर्वीच्या प्रवाशांनीही या भागात पाणी मिळणार नाही असेच गृहीत धरले होते.

मग १९२३ मध्ये अहमद हसनैन बे या इजिप्शियन प्रवाशाने भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यापासून निघून उंटांवरून सिवा, कुफ्रा आणि तेथून आणखी दक्षिणेला सुदानपर्यंत मजल मारली. अर्केनू आणि उवेनात हे डोंगर जगाच्या नकाशावर त्याने आणले. तो नुसता प्रवासी नव्हता; ताऱ्यांचे वेध घेऊन स्थान ठरवीत होता, हवेचा दाब मोजून उंची काढीत होता. त्याच्या नोंदींचे गणित बॉलने केले. याच सुमारास प्रिन्स कमाल अल-दीन याच्या मोटार मोहिमाही नैर्ऋत्येकडे गेल्या.

अशा रीतीने बॉलच्या टेबलावर एक नवीच सामग्री गोळा झाली. प्रचंड प्रदेशात विखुरलेल्या विहिरी, त्यांची स्थाने, जमिनीची उंची आणि पाण्याची खोली. विहीर किती खोल आहे हे तर उंटवाल्यांनाही माहीत असते. बॉलने विचारला तो वेगळाच प्रश्न: या विहिरीतले पाणी समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे?

हा फरक वर्गात नीट समजावून सांगण्याजोगा आहे. समजा, एका गावात विहिरीचे पाणी जमिनीखाली दहा मीटरवर आहे आणि दुसऱ्या गावात तीस मीटरवर. पहिल्या गावाचे पाणी वर आहे असे आपण पटकन म्हणू. पण पहिले गाव समुद्रसपाटीपासून १०० मीटरवर आणि दुसरे २०० मीटरवर असेल तर? पहिल्याचे पाणी ९० मीटर उंचीवर, दुसऱ्याचे १७० मीटरवर. म्हणजे जमिनीखालून पाणी वाहत असेल तर ते दुसऱ्या गावाकडून पहिल्याकडे! नुसती खोली मोजून पाण्याची दिशा कळत नाही. जमिनीच्या उंचीतून खोली वजा केली की ती कळते.

बॉलने प्रत्येक विहिरीसाठी ही वजाबाकी केली आणि समान उंचीच्या पाण्याची ठिकाणे रेषांनी जोडली. डोंगर दाखवायला आपण समोच्च रेषा काढतो, तशाच या रेषा. फक्त जमिनीच्या नव्हे, जमिनीखालच्या पाण्याच्या. १९२७ साली त्याने आपला लेख आणि नकाशा प्रसिद्ध केला.

नकाशाने काय सांगितले? नैर्ऋत्येला पाणी सर्वांत उंचावर होते आणि ईशान्येकडे ते सारखे उतरत गेले होते. कुफ्राची जमीन समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटरवर आहे आणि तेथे पाणी फार खोल नाही. तेथून सुमारे ६०० किलोमीटरवरचे सिवा समुद्रसपाटीच्याही १८ मीटर खाली आहे आणि तेथे झरे वाहतात. सिवाच्या पूर्वेला कत्ताराचा अवाढव्य खळगा. त्याचा तळ समुद्रसपाटीखाली १३३ मीटर. तेथे पाणी पृष्ठभागाशी येते, वाफ होऊन उडून जाते आणि मागे क्षार उरतात. म्हणजे जलधराची एक बाजू वर, दुसरी खाली, आणि खालच्या टोकाला निचऱ्याची सोय.

मरूद्यानांचे पाणी नीलमधूनच झिरपत येत असावे, हा सहज सुचणारा तर्क. खारगा सखल आहे, तेव्हा तेथे तो खपूनही गेला असता. पण अस्वानपाशी नीलचे पात्र समुद्रसपाटीपासून सुमारे ९० मीटरवर आहे. तेथले पाणी चढ चढून ४०० मीटरवरच्या कुफ्राला कसे पोचेल? नकाशातला सलग उतार पाहिल्यावर नील हा उगम असू शकत नाही हे उघड झाले. उतार वर चढत जातो तो एर्दी आणि एन्नेदी या डोंगराळ भागांकडे, म्हणजे आजच्या चाड देशाच्या बाजूला. तेथे थोडा का होईना पाऊस पडतो. बॉलचा निष्कर्ष असा की तेथे पडलेले पावसाचे पाणी वालुकाश्मात मुरते आणि शेकडो किलोमीटर वाहत इजिप्तच्या मरूद्यानांना येऊन मिळते.

नकाशा नुसता कागदावर राहिला नाही. १९२० च्या दशकाच्या अखेरीस वाळवंट सर्वेक्षण खात्यातर्फे बीडनेलने नैर्ऋत्येकडच्या ओसाड भागात एक विहीर खणली. आजूबाजूला झाडाचे पानही नव्हते, पण पाणी लागले. त्या जागेचे नाव पडले बीर मिसाहा, म्हणजे सर्वेक्षणाची विहीर. जेथे पूर्वी रांजणातून पाणी न्यावे लागत होते तशाच प्रदेशात, पाणी जमिनीखालीच होते!

नकाशात घड्याळ नव्हते

येथे गोष्ट संपावी असे वाटते. पण एक प्रश्न शिल्लक होता. उतारावरून पाण्याची दिशा कळते. ते पाणी निघाले केव्हा, हे मात्र कळत नाही.

एक ढोबळ गणित मांडून पाहू. १८५६ मध्ये हेन्री दार्सी या फ्रेंच अभियंत्याने वाळूतून पाणी किती वेगाने जाते याचा नियम दिला. उतार जितका कमी तितका प्रवाह कमी. कुफ्रा ते सिवा ६०० किलोमीटरमध्ये पाणी सुमारे ४०० मीटर उतरते, म्हणजे दर दीड किलोमीटरला एक मीटर. उतार झाला १५०० त एक. वालुकाश्माची वहनक्षमता दिवसाला एक मीटर धरू. अशा खडकाला ही किंमत शोभण्यासारखी आहे. मग प्रवाह झाला दिवसाला १/१५०० मीटर. पण पाणी सगळ्या खडकातून जात नाही, फक्त फटींतून जाते. फटी एक पंचमांश धरल्या तर फटींतल्या पाण्याचा खरा वेग पाचपट होतो. गुणाकार केला की उत्तर येते दिवसाला सुमारे तीन मिलिमीटर, वर्षाला साधारण एक मीटर.

वर्षाला एक मीटर! मग ६०० किलोमीटरला लागतील सहा लाख वर्षे. आपण धरलेले आकडे थोडे इकडेतिकडे झाले तरी उत्तर हजारो-लाखो वर्षांतच राहते. आज दक्षिणेला पडलेला पाऊस आज उत्तरेच्या विहिरीत येतो, असे म्हणायला जागाच राहत नाही.

हे गणित झाले. मोजमाप करायला पाण्यातच एखादे घड्याळ हवे होते. ते मिळाले किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या रूपाने. पावसाचे पाणी मातीतून मुरताना मुळांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड घेते. त्यात थोडा किरणोत्सारी कार्बन-१४ असतो. पाणी खोल गेले, हवेशी संबंध तुटला की नवा कार्बन-१४ मिळत नाही आणि असलेला दर ५७३० वर्षांनी निम्मा होत जातो. या रीतीने भूजलाचे वय काढता येईल हे म्युनिख या जर्मन शास्त्रज्ञाने १९५७ मध्ये दाखवले. पुढच्या काही वर्षांतच पश्चिम वाळवंटातल्या विहिरींचे पाणी तपासले गेले. वये निघाली वीस हजार वर्षांच्या पुढची. कित्येक नमुन्यांत तर कार्बन-१४ जवळपास उरलाच नव्हता.

पण फूटपट्टीपेक्षा लांब वस्तू फूटपट्टीने एकदम मोजता येत नाही. कार्बन-१४ ची पट्टी चाळीस-पन्नास हजार वर्षांशी संपते. त्यापुढे क्रिप्टॉन-८१ हा हवेतला अत्यंत विरळ वायू उपयोगी पडला. त्याचे अर्धायुष्य सुमारे २ लाख ३० हजार वर्षे. पाण्यात विरघळलेले त्याचे मोजके अणू मोजण्यासाठी विहिरीवरच टनावारी पाण्यातून वायू वेगळा करावा लागला. २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: तपासलेल्या विहिरींतले पाणी दोन लाख ते दहा लाख वर्षे जुने!

म्हणजे बॉलने रेखाटलेला उतार खरा, पाण्याची सर्वसाधारण दिशाही खरी. पण त्या उताराला आज पोसणारा पुरेसा पाऊस नाही. सहारावर आलटूनपालटून ओले आणि कोरडे काळ येऊन गेले. शेवटचा ओला काळ साधारण पाच हजार वर्षांपूर्वी संपला. त्या काळी तेथे तळी होती, गवत होते, गुरे राखणारी माणसे होती. गिल्फ केबिरच्या एका गुहेत १९३३ मध्ये पोहणाऱ्या माणसांसारखी दिसणारी चित्रे सापडली. १९८१ मध्ये अंतराळयानातल्या रडारने वाळूखाली गाडलेल्या नद्यांची पात्रे दाखवली. अशा अनेक ओल्या काळांत जलधर भरत गेला.

पाऊस थांबल्यावरही उतार टिकतो कसा? हे वर्गात करून पाहता येईल. एका लांब ट्रेमध्ये बारीक वाळू भरा. एका टोकाला खाली लहान भोक ठेवा, दुसऱ्या टोकाला हळूहळू पाणी ओता. वाळूत अंतराअंतरावर तळाशी भोके पाडलेल्या पारदर्शक नळ्या उभ्या करा. नळ्यांतल्या पातळ्या उतरत्या दिसतील. आता पाणी ओतणे बंद करा. उतार एकदम नाहीसा होणार नाही. तो सावकाश उतरत, सपाट होत जाईल. ट्रेमध्ये हे काही वेळात घडते. शेकडो किलोमीटरच्या खडकात त्याला हजारो वर्षे लागतात. बॉलने जो उतार पाहिला तो अशा ओसरत्या पाण्याचा होता.

व्याज की मुद्दल?

हा केवळ शास्त्रज्ञांचा वाद नाही. पाणी दक्षिणेच्या पावसातून सतत येत असेल, तर ते व्याज. दरवर्षी येईल तेवढे बेताने खावे, मुद्दल शाबूत राहते. पाणी जुन्या काळचे असेल, तर ते मुद्दल. काढले तेवढे कमी झाले.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस इजिप्तने खारगा-दाख्ला भागात ‘नवी दरी’ ही मोठी योजना हाती घेतली. नीलकाठच्या दाट वस्तीला नवी जमीन द्यायची, नव्या खोल विहिरींवर शेती करायची. सुरुवातीला विहिरी जोरात वाहिल्या. मग दाब घटत गेला. आपणहून वाहणाऱ्या अनेक विहिरींना पंप बसवावे लागले आणि जुने उथळ झरे आटले. बीडनेलने शेजारच्या दोन विहिरींत जे पाहिले होते तेच आता सगळ्या मरूद्यानात घडत होते. ज्यांच्याकडे खोल विहीर पाडायला पैसा नव्हता, त्यांचे पाणी आधी गेले.

लिबियात तेलाच्या शोधात खणताना हेच पाणी सापडले. १९८४ मध्ये तेथे ‘मानवनिर्मित महानदी’ या योजनेचे काम सुरू झाले आणि १९९१ मध्ये तिचा पहिला टप्पा पुरा झाला. चार मीटर व्यासाच्या नळांतून दक्षिणेचे भूजल किनाऱ्यावरच्या शहरांना जाऊ लागले. इजिप्तमध्येही उवेनातच्या पूर्वेला विहिरींवर फिरत्या फवाऱ्यांची गोल शेते उभी राहिली.

साठा मोठा आहे यात शंका नाही. अंदाज वेगवेगळे आहेत. त्यांपैकी एक सुमारे दीड लाख घन किलोमीटरचा आहे. कोयनेच्या जलाशयात पावणेतीन घन किलोमीटरच्या आसपास पाणी मावते. त्यावरून कल्पना करा. पण साठा मोठा असणे आणि पाणी हाताशी असणे या दोन गोष्टी वेगळ्या. पातळी खाली गेली की उपशाचा खर्च वाढतो, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने विहीर तेव्हाच संपते; खडकातले पाणी संपलेले नसले तरी.

शिवाय हा जलधर इजिप्त, लिबिया, सुदान आणि चाड या चार देशांखाली पसरलेला आहे. २०१३ मध्ये या चौघांनी त्याच्या सामायिक वापरासाठी एका कृती-कार्यक्रमावर सह्या केल्या. करार पाळला जाण्यासाठी पहिली गरज एकच: सर्वांनी विहिरींच्या पातळ्या मोजायच्या आणि एकमेकांना सांगायच्या. म्हणजे बॉलचे काम पुढे चालू ठेवायचे.

आपल्या गावातली वजाबाकी

महाराष्ट्रातला बहुतेक भाग काळ्या बेसाल्टचा आहे. तो न्युबियन वालुकाश्मासारखा सलग सच्छिद्र नाही. पाणी मुख्यतः त्याच्या भेगांत आणि मुरमात असते. आपल्या उथळ विहिरींतले पाणी पावसाळ्यात भरते, उन्हाळ्यात उतरते. आपले पाणी बव्हंशी व्याजाचे आहे, हे आपले भाग्य. पण बोअर शेकडो फूट खोल नेल्यावर लागणारे पाणी कधी मुरलेले आहे, तेवढे पुन्हा मुरते का, हा प्रश्न आपल्यालाही विचारायलाच हवा.

त्याची सुरुवात शाळेत करता येईल. गावातल्या पाचसात विहिरी निवडा. दोरीला वजन बांधून काठापासून पाण्याची खोली मोजा. गवंडी वापरतात ती पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घेऊन विहिरींच्या काठांच्या उंचीतला फरक काढा. मग बॉलची वजाबाकी करा आणि कागदावर रेषा जोडा. पाणी कोणत्या बाजूने कोणत्या बाजूला जाते ते मुलांना दिसेल. दिवाळीनंतर एकदा आणि मे महिन्यात एकदा मोजले, तर किती उतरले तेही दिसेल. पुढच्या दिवाळीनंतर मोजाल तेव्हा वहीत एक रकाना वाढवा: गेल्या वर्षी याच वेळी जेवढे होते, तेवढे परत आले का?